आवडलेल्या गावी राहायला जाण्याआधी

डिसेंबरच्या सुट्टीत एखादे गाव मनात भरते, परतीच्या गाडीतच ‘निवृत्तीनंतर इथेच येऊन राहायचे’ असा बेत ठरतो आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथे जागाही घेतली जाते. असे बेत तडीस नेलेली बरीच कुटुंबे माझ्या परिचयाची आहेत. त्यांतली काही नव्या गावात इतकी रुळली आहेत की शहरात दोन दिवसांच्या वर त्यांचा जीव रमत नाही, आणि काहींच्या घरांना वर्षातले दहा महिने कुलूप असते. या दोन्हींकडे जाऊन-येऊन, आणि स्वतः एक वर्ष रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत भाड्याने राहून माझे जे मत झाले आहे, ते सुरुवातीलाच सांगतो. ज्या गावी राहायचे आहे ते गाव त्याच्या सर्वांत कठीण महिन्यात पाहावे आणि त्या महिन्यातही ते आवडले तरच पुढची बोलणी करावीत. या लेखात हे काम कसे करावे, कुठे काय विचारावे आणि कागदपत्रांत काय पाहावे हे महाराष्ट्रापुरते लिहिले आहे, कारण माझा अनुभव इथलाच आहे.

सुरुवात घरी बसूनच करावी. आवडलेल्या गावाचे नाव कागदावर लिहून तिथे नेमके काय आवडले ते नोंदवावे. समुद्र, थंड हवा, शांतता, देऊळ, जुने मित्र, स्वस्ताई, जे असेल ते. मग त्यातल्या प्रत्येक गोष्टीपुढे ती वर्षातले किती महिने मिळते ते लिहावे. कोकणचा समुद्र बारा महिने दिसतो, पण तो खवळलेला असताना त्यात पाय घालता येत नाही. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे रोज ताजी मासळी मिळेल या आशेने गेलेल्या माणसाला त्या काळात खाडीतल्या मासळीवर आणि सुकटीवर भागवावे लागते. माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे जी शांतता मिळते ती मनाला भिडते. मात्र आजारी माणसाला मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरीपर्यंत कसे न्यायचे, हा प्रश्नही त्याच बंदीतून निर्माण होतो. नेरळहून वर येणाऱ्या छोट्या गाडीचा घाटातला टप्पा पावसाळ्यात बंद असतो, हेही तिथे राहणाऱ्याने धरून चालावे लागते.

आता कठीण महिना कोणता हे प्रदेशागणिक बदलते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

सह्याद्रीच्या माथ्यावरच्या गावांचा कठीण महिना जुलै. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा जुलै-ऑगस्टमध्ये कोसळतो. आंबोलीचा आकडा त्याहूनही मोठा, सात हजारांच्या घरातला आहे. या पावसात भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांवर बुरशी धरते, माचिसच्या काड्या पेटत नाहीत आणि आठवडाभर सूर्य दिसत नाही. जुन्या घरांच्या वाऱ्याकडच्या भिंतींना म्हणूनच गवताच्या झडी बांधतात. संधिवात किंवा दमा असलेल्या माणसाने या गावांविषयी निर्णय घेण्यापूर्वी तिथे जुलैत सलग दहा दिवस राहावे. दोन दिवस राहिल्यास पाऊस रम्य वाटतो, आठव्या दिवशी त्याचे खरे वजन कळते.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. महाबळेश्वरहून पाचगणीमार्गे पसरणीचा घाट उतरून वाईला आलो की अंतर तीस-बत्तीस किलोमीटरच होते, पण पाऊस एक हजार मिलिमीटरच्याही आत येतो. अरबी समुद्रावरून येणारे ढग डोंगरमाथ्यावर बरसून रिकामे होतात आणि पूर्वेकडे पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो. आणखी पूर्वेला, दहिवडी-म्हसवडकडे गेलो तर पावसाची वाटच पाहावी लागते. एकाच जिल्ह्यात हे तिन्ही प्रकार आहेत. म्हणून ज्यांना माथ्यावरची हवा आवडली आहे पण पाऊस झेपणार नाही, त्यांनी माथ्यापासून पूर्वेला वीस-तीस किलोमीटर सरकून गाव शोधावे, असा माझा आग्रह आहे. वाटेल तेव्हा तासाभरात वर जाता येते आणि रात्री कोरड्या घरात झोपता येते.

विदर्भाचा कठीण काळ म्हणजे मे महिन्याचा उत्तरार्ध. साधारण २५ मेपासूनचे नऊ दिवस तिकडे नवतपा म्हणून ओळखले जातात. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी अकरा ते पाच रस्ते ओस पडतात. माझ्या मते नागपूर हे राहण्यासाठी महाराष्ट्रातल्या उत्तम शहरांपैकी एक आहे. रुंद रस्ते, मोठी झाडे, चांगली इस्पितळे, देशाच्या चारही दिशांना जाणाऱ्या गाड्या आणि अगत्याने जेवू घालणारी माणसे, हे सगळे तिथे आहे. पण पुण्या-मुंबईच्या माणसाने तिथे हिवाळ्यात संत्री खाऊन निर्णय घेऊ नये. मेमध्ये जाऊन ज्या घरात राहायचे त्याच घरात दुपार काढून पाहावी. घर पश्चिमेकडे तोंड करून आहे का, गच्चीखालच्या खोल्या रात्री किती वाजता निवतात, कूलरसाठी दिवसाला किती पाणी लागते आणि तेवढे नळाला येते का, हे प्रश्न त्याच दिवसांत सुचतात. विदर्भातच राहायचे आणि उन्हाळा टाळायचा असेल तर चिखलदरा आहे. अकराशे मीटरच्या आसपास उंची, कॉफीची लागवड आणि भोवती मेळघाटचे जंगल, असे ते सुंदर ठिकाण आहे. मात्र मोठ्या बाजारहाटासाठी घाट उतरून परतवाड्याला जावे लागते, त्यामुळे मी त्याला उन्हाळ्यातले दोन महिने मुक्काम करण्याचे गाव म्हणेन, कायमच्या बिऱ्हाडाचे नव्हे.

मराठवाड्यात प्रश्न पाण्याचा असतो आणि तो एप्रिल-मेमध्येच दिसतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, हे पुष्कळांना आठवत असेल. ज्या घरात उतरलो तिथे नळाला किती दिवसांनी पाणी येते, टँकरचा खर्च कुणी करायचा आणि बोअरला उन्हाळ्यात पाणी राहते का, हे विचारावेच. दख्खनचा काळा कातळ स्वतः पाणी धरत नाही, त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत ते साठते. त्यामुळे शेजारच्या बोअरला चार इंची धार आहे म्हणून आपल्या जागेतही पाणी लागेल, असे कुणी सांगितले तर त्यावर विसंबू नये.

कोकणाला मात्र दोन कठीण महिने आहेत आणि हे बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. एक जुलै, तो उघडच आहे. दुसरा मे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या प्रदेशात मे महिन्यात विहिरी तळाला जातात, हे मला स्वतःला तिथे राहीपर्यंत खरे वाटत नव्हते. जांभा दगड सच्छिद्र असतो. पाणी त्यातून झिरपते, उतारावरून व्हाळाला मिळते आणि व्हाळ खाडीला. धरून ठेवणारे फारसे काही नसते.

आम्ही भाड्याने घेतलेल्या घरामागे रहाटाची विहीर होती. डिसेंबरात आम्ही राहायला गेलो तेव्हा पोहरा पाच वाव (एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी) दोरातच पाण्याला टेकत असे आणि उरलेल्या दोराचे मोठे वेटोळे काठावर पडून असे. त्यात पाय अडकतो म्हणून मी तो निम्मा कापून ठेवायला निघालो, तेव्हा शेजारच्या काकींनी गडग्यापलीकडून हाक मारली, ‘‘अहो, दोर कापू नका हो, वैशाखात पुरायचा नाही तुम्हांला.’’ मी हसून दोर तसाच ठेवला. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात रहाटावरचा दोर संपत आला, शेवटची गाठ माझ्या हातात होती आणि खाली पोहरा गाळावर आपटल्याचा मऊ आवाज आला. पोहऱ्यात अर्धा पाणी आणि अर्धा पिवळा गाळ होता. त्या दिवसापासून कोणतेही घर पाहायला गेलो की मी विहिरीचा दोर मोजतो. विहिरीत पाणी किती आहे हे आजचे उत्तर आहे, दोर केवढा ठेवला आहे हे वर्षभराचे. दोराऐवजी पंप असेल तर फूटवॉल्व्ह किती खोल सोडला आहे आणि मे महिन्यात पंप किती मिनिटे चालतो ते विचारावे. विहीर सामायिक असेल तर पाणी भरण्याच्या पाळ्या कशा लागतात हेही विचारावे, कारण त्या पाळ्यांवरून वाडीत किती जुनी भांडणे होऊ शकतात ते मी पाहिले आहे.

पाण्याची दुसरी बाजू पुराची. नदीकाठची गावे सुंदर असतात आणि त्यांच्यापासून लांब राहा असे मी म्हणणार नाही, पण घर कोणत्या रेषेवर आहे ते माहीत असावे. पाटबंधारे खात्याच्या नकाशांत निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. गाव नगरपालिकेचे असेल तर हे नकाशे पालिकेच्या नगररचना विभागात पाहायला मिळतात. त्याहून सोपा उपाय म्हणजे गल्लीतल्या भिंती पाहणे. चिपळूणच्या बाजारपेठेत २२ जुलै २०२१ चे पाणी कुठपर्यंत चढले होते ते कुणीही दुकानदार हात वर करून दाखवील. सांगलीत लोक पुराची भाषा आयर्विन पुलावरच्या फुटांत बोलतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, आणि कुणाच्या घरात कितव्या फुटाला पाणी शिरते हे त्या त्या घरच्या माणसाला पाठ असते. कोल्हापुरात तेच काम राजाराम बंधारा करतो, तिथे ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. आपण घ्यायला निघालो आहोत त्या घरात ‘किती फुटाला पाणी येते’ हा प्रश्न दलालाला विचारू नये, समोरच्या घरातल्या आजींना विचारावा.

डोंगरपायथ्याच्या घरांबाबत मी अधिक कडक आहे. माळीण २०१४ मध्ये, तळिये २०२१ मध्ये आणि इरशाळवाडी २०२३ मध्ये, तिन्ही जुलै महिन्यात दरडीखाली गेली. घरामागे तीव्र उतार असेल, तो नुकताच कापून सपाट केलेला असेल, उतारावरची झाडे वाकडी झालेली असतील किंवा पावसात नव्या जागी झरे फुटत असतील, तर तिथून दिसणारे दृश्य कितीही देखणे असले तरी ती जागा सोडून द्यावी. रस्त्यासाठी वा बंगल्यांच्या भूखंडांसाठी डोंगर पोखरलेल्या ठिकाणी तर ही पाहणी स्वतः चढून जाऊन करावी.

डॉक्टरांविषयी चौकशी करताना किलोमीटर विचारू नयेत, वेळ विचारावी, तीही पावसाळ्यातल्या रात्री दोनची. प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण ३०,००० लोकवस्तीमागे एक आणि डोंगराळ वा आदिवासी भागात २०,००० मागे एक असावे असा निकष आहे. म्हणजे केंद्र असते, पण ते आपल्याच गावी असेल असे नाही. तिथे रात्री कोण असते, सर्पदंशावरची लस साठ्यात असते का, प्रसूती होतात का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. केंद्रातल्या परिचारिका हे सगळे मोकळेपणाने सांगतात. १०८ ची रुग्णवाहिका बोलावल्यावर ती कुठून निघते तेही त्यांनाच ठाऊक असते. हृदयविकार, डायलिसिस किंवा नियमित तपासण्या मागे असलेल्यांनी जिल्ह्याच्या किंवा मोठ्या तालुक्याच्या ठिकाणापासून तासाभराच्या अंतरातच घर पाहावे. या एका बाबतीत मन घट्ट करणे भाग आहे. माझ्या परिचयातल्या एका जोडप्याला अतिशय आवडलेले खाडीकाठचे घर याच कारणासाठी सोडावे लागले. ते रत्नागिरी शहरात राहायला गेले आणि आता दर रविवारी त्या खाडीवर जाऊन येतात.

प्रवासाचेही तसेच. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ साली सुरू झाल्यापासून कोकणात राहणे पुष्कळ सुकर झाले, पण पावसाळ्यात या मार्गावर वेगळे वेळापत्रक असते आणि गाड्या कमी वेगाने धावतात. मुले मुंबईत असतील तर गणपतीच्या दिवसांतली तिकिटे किती आधी संपतात ते एकदा अनुभवून घ्यावे. आपल्या गावाचे स्थानक कोणते आणि तिथून घरापर्यंत शेवटची एसटी किती वाजता, हे दोन प्रश्न नव्या घराच्या यादीत विहिरीच्या खालोखाल ठेवावेत.

एवढी चौकशी झाली आणि मन अजून तिथेच आहे असे दिसले, की एक वर्षासाठी घर भाड्याने घ्यावे. यात पैसे वाया जातात असे म्हणणारे भेटतील. मला मात्र यापेक्षा चांगला खर्च सुचत नाही. करार साधारणपणे ११ महिन्यांचा करतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे तो लेखी असावा लागतो, त्याची नोंदणी करावी लागते आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. गावाकडे ‘आपल्यात कागद कशाला’ असे प्रेमाने म्हटले जाते. तेव्हा तितक्याच प्रेमाने आग्रह धरावा, कारण नोंदणीकृत करार असला की गॅसजोडणीपासून बँकेच्या पत्त्यापर्यंत पुढची कामे सोपी होतात.

भाड्याच्या वर्षात बरोबर आणलेल्या शहरी सवयी गावावर लादू नयेत आणि गाव कसे चालते ते पाहावे. कोकणात पावसाळ्यापूर्वी बेगमी करतात. सरपण, तांदूळ, डाळी, मसाले, सुकी मासळी, लोणची हे सगळे मेअखेरीस घरात येते, आणि ज्या घरात ते आलेले नसते त्या घराकडे शेजारी काळजीने पाहू लागतात. ही काळजी आपल्याला सुखाची वाटते की ढवळाढवळ वाटते, याचे खरे उत्तर स्वतःला द्यावे. शिमग्याची पालखी आपल्या दारात येते तेव्हा काय करायचे, देवस्थानाची वर्गणी किती, गावकीच्या बैठकीत आपण बसायचे की नाही, हे सारे शेजाऱ्यांना विचारून करावे. विचारणारा माणूस लोकांना आवडतो. भाषेचेही असेच आहे. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी ऐकताना सुरुवातीला अडखळायला होते, पण ती ऐकत राहिलो तर सहा महिन्यांत बाजारातला भाव आणि त्यामागचा विनोद दोन्ही समजू लागतात. कुणाच्या बोलीला गावंढळ म्हणणाऱ्या माणसाने त्या गावी राहायला जाऊ नये.

वर्षभराने जागा घ्यायचे ठरले तर कागदपत्रांकडे वळावे. या टप्प्यावर घाई करणाऱ्यांचे नुकसान झालेले मी पाहिले आहे आणि माझेही थोडक्यात वाचले आहे. आम्हाला एका मध्यस्थाने वीस गुंठ्यांचा, चार आंब्याची कलमे असलेला तुकडा दाखवला. जागा मनात बसली. ‘मालक तयार आहे’ असे तो सांगत होता आणि मालक खरोखरच तयार होता. सातबारा काढला तेव्हा त्यावर अकरा नावे निघाली, त्यांतली तीन माणसे हयात नव्हती आणि त्यांच्या वारसांची नोंदच झालेली नव्हती. आम्हाला भेटलेला मालक हा त्या अकरांतला एक होता.

म्हणून क्रम असा ठेवावा. जागा मनात बसण्यापूर्वी तिचा गट क्रमांक घ्यावा आणि महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा पाहावा, तो पाहण्यास पैसे पडत नाहीत. नमुना सातवर मालकांची नावे असतात, ती सगळी मोजावीत. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचे नाव, बँकेचा बोजा किंवा विहिरीतला हिस्सा नोंदलेला असतो, तो ओळ न ओळ वाचावा. भोगवटादार वर्ग १ लिहिले असेल तर ठीक. वर्ग २ असेल तर विक्रीला शासनाची परवानगी लागते. नंतर फेरफार काढून जमीन आजच्या मालकाकडे कशी आली, खरेदीने, वारसाने की वाटणीने, ते पाहावे. शेवटी वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्यावा, आणि हा वकील मध्यस्थाने सुचवलेला नसावा.

जमीन शेतीची असेल तर आणखी एक अडसर आहे. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आपल्या नावावर किंवा वडिलोपार्जित शेतजमीन असेल तर तिचा सातबारा हाताशी ठेवावा. नसेल तर बिगरशेती झालेला भूखंड किंवा गावठाणातले घर पाहावे. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा दाखवला जातो, पण तो घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा पुरावा म्हणून तेवढ्यावर थांबू नये. स्वामित्व योजनेत अनेक गावांची मोजणी होऊन मिळकतपत्रिका तयार झाल्या आहेत, ती आहे का ते विचारावे.

ठिकाणागणिक बंधनेही वेगळी असतात. समुद्रालगत भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा किनारा नियमन क्षेत्रात येतो, आणि ‘इथे सगळेच बांधतात’ हे वाक्य तिथे फार वेळा ऐकू येते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे आहेत, त्यामुळे तिथे झाड तोडण्यापासून मजला चढवण्यापर्यंत परवानग्या लागतात. या बंधनांचा राग धरू नये. जे पाहून आपण त्या गावाच्या प्रेमात पडलो ते त्यांच्यामुळेच थोडेफार शिल्लक राहिले आहे, आणि तिथे घर घेणाऱ्याने ती मोडण्यात पहिला हातभार लावावा याचे मला मनापासून दुःख होते.

मी कोणती गावे सुचवीन असे पुष्कळ जण विचारतात, म्हणून माझ्या आवडीची तीन सांगतो. वाई पहिली. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती, बेताचा पाऊस, बेताची थंडी आणि विद्येची जुनी परंपरा. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली याच गावातून चालले आणि पहिला खंड १९७६ साली निघाला. पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाणारे भिलार तिथून घाट चढला की आलेच. वाचणाऱ्या माणसाला याहून चांगला शेजार मिळणे कठीण. घाटालगतच्या पेठांत मात्र पुराची चौकशी करून मगच घर घ्यावे. दुसरी दापोली. उंचीवर असल्यामुळे किनाऱ्याइतका उकाडा नाही, हर्णै बंदर जवळ आहे, आणि १९७२ पासून तिथे असलेल्या कृषी विद्यापीठामुळे कलमे, रोपे आणि चार शहाणी माणसे सहज भेटतात. रेल्वे गावात नाही, त्यासाठी खेडला जावे लागते, आणि कठीण आजारासाठी अंतर जास्त आहे, म्हणून हे गाव मी प्रकृती धडधाकट असलेल्यांनाच सुचवतो. तिसरे कोल्हापूर. मोठ्या शहराच्या सोयी आणि गावाची ओळखदेख एकत्र हवी असेल तर कोल्हापूरसारखे दुसरे मला दिसत नाही. सकाळी रंकाळ्यावर फिरणारा नवा माणूस आठवडाभरात कुणाच्या ना कुणाच्या ओळखीचा होतो. घर घेताना पंचगंगेपासूनची उंची तेवढी पाहावी.

जागा ठरली, खरेदीखत झाले, आता राहायला केव्हा जावे? जुने कौलारू घर असेल तर एप्रिलमध्ये जावे. मे महिन्यात घर शाकारून घ्यायचे असते, फुटकी कौले बदलायची, वासे-रिपा तपासायच्या, पागोळ्यांचे पाणी पायाकडे न येता चराने बाहेर जाईल असे पाहायचे, आणि हे काम जाणणारी माणसे मेच्या पहिल्या आठवड्यानंतर मिळत नाहीत. त्यांना मार्चमध्येच सांगून ठेवावे. ती छपरावर असतील तेव्हा आपण खाली उभे राहावे आणि कोणते कौल कुठे बदलले ते पाहून ठेवावे, कारण जुलैच्या रात्री गळती लागली की नेमके कुठे भांडे ठेवायचे ते आपल्यालाच शोधावे लागते. विहिरीचा गाळही त्याच महिन्यात उपसून घ्यावा आणि गाळ काढणारा खाली उतरला की त्याच्याकडूनच तळापर्यंतची खोली मोजून घेऊन नवा दोर त्याहून दोन वाव जास्त आणावा.